पासवर्डची लांबी कोण ठरवतो?

जुन्या युनिक्स यंत्रणेवर कोणी ‘ग्वाल्हेर’ हा पासवर्ड ठेवला, तर ‘ग्रंथालय’ टाइप करूनही त्याचे खाते उघडते. ‘ग्वाही’, ‘ग्लानी’, ‘ग्रहण’ यांपैकी काहीही चालते. यंत्रणेत बिघाड नसतो आणि कोणी घुसखोरीही केलेली नसते. ती पासवर्डचे पहिले आठ बाइट बघते आणि तिथेच थांबते. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आठ बाइटांत ‘ग’ मावतो, पाय मोडल्याची खूण मावते आणि तिसऱ्या चिन्हाचे पहिले दोन बाइट मावतात. ते दोन बाइट ‘व’, ‘र’, ‘ल’ या सगळ्यांचे सारखेच असतात. पुढचे सारे गळून पडते, आणि पडद्यावर त्याची एका शब्दाने सूचना मिळत नाही.

पासवर्ड किती लांब असावा, यावर आपल्याकडे भरपूर उपदेश होतो. तो सगळा वापरणाऱ्याला उद्देशून असतो: मोठा ठेवा, अवघड ठेवा, कोणाला सांगू नका. पण टाइप केलेल्यापैकी यंत्रणा किती मोजते आणि ते साठवताना किती मेहनत घेते, हे ठरते मागच्या बाजूला, कॉन्फिगरेशनच्या फायलींत. त्या फायली ज्याच्या ताब्यात आहेत, त्याच्याशी या प्रश्नावर फारसे कोणी बोलत नाही. हा आढावा मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

ग्वाल्हेरच्या कंपूसारख्या भागात हा प्रश्न दूरचा नाही. जयारोग्य रुग्णालय आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांच्या आधाराने इथे तपासणी प्रयोगशाळा, दवाखाने आणि औषधांची दुकाने वाढली, क्लासेस आले. अशा ठिकाणी कोपऱ्यात एखादा लिनक्स सर्व्हर असतो. तो कोणीतरी कधीतरी बसवून दिलेला असतो आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ या तत्त्वावर वर्षानुवर्षे चालतो. त्यात रुग्णांचे अहवाल असतात, विद्यार्थ्यांचे पत्ते असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा त्या कोपऱ्यातल्या सर्व्हरला हात लावण्याची वेळ आली आहे.

गुपित न ठेवता ओळख पटवणे

गुपित सांभाळण्याची अडचण ग्वाल्हेरला नवीन नाही. शिंद्यांच्या ‘गंगाजळी’ खजिन्याची कथा इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. किल्ल्यातल्या तळघरांचे ‘बीजक’, म्हणजे गुप्त संकेत, फक्त महाराजांना ठाऊक असे. १८८६ मध्ये महाराज जयाजीराव वारले तेव्हा त्यांचे वारस माधवराव अजून लहान होते, आणि बीजक त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, असे ही कथा सांगते. गुपित एकाच डोक्यात ठेवले तर ते माणसाबरोबर जाते आणि वहीत लिहून ठेवले तर वहीबरोबर चोरीला जाते, असा हा पेच आहे.

युनिक्सच्या पहिल्या आवृत्त्यांत पासवर्ड वहीत लिहावेत तसेच, म्हणजे उघड अक्षरांत, एका फाइलमध्ये साठवले जात. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याच्या हाती सगळी खाती. १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया करायची आणि फक्त तिचे फळ साठवायचे. हे फळ म्हणजे हॅश. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. लॉगिनच्या वेळी पुन्हा तीच प्रक्रिया करायची आणि फळ जुळते का ते बघायचे. म्हणजे पासवर्ड बरोबर की चूक हे यंत्रणेला कळते, पण पासवर्ड स्वतः तिच्याजवळ कुठेच नसतो.

हॅश उलटा करता येत नसला तरी अंदाज करून पाहता येतो. फाइल चोरणारा एकेक शब्द घेतो, त्याचा हॅश काढतो आणि जुळतो का ते बघतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा १९७९ चा निबंध या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे होते. माणसे सोपे पासवर्ड ठेवतात हे त्यांनी गृहीतच धरले आणि उपाय यंत्रणेच्या बाजूने केले. एक, हॅश काढण्याची प्रक्रिया मुद्दाम संथ करायची. दोन, प्रत्येक पासवर्डमध्ये एक यादृच्छिक तुकडा, म्हणजे ‘सॉल्ट’, मिसळायचा. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे हॅश वेगळे येतात आणि चोराला प्रत्येक खात्यामागे वेगळी मेहनत करावी लागते. पन्नास वर्षे होत आली तरी हे दोन उपाय बदललेले नाहीत. फक्त ‘संथ’ म्हणजे किती संथ, याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत आले आहे.

आठचा आकडा

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतली क्रिप्ट ही प्रक्रिया डीईएस या अमेरिकी प्रमाणित संकेतपद्धतीवर उभी होती. डीईएसची किल्ली ५६ बिटांची असते. एका अक्षराचे सात बिट धरले की बरोबर आठ अक्षरे बसतात. आठ अक्षरांच्या मर्यादेचे मूळ एवढेच आहे. सुरक्षेसाठी आठ पुरेत असा विचार त्यामागे नव्हता. किल्लीत जागाच तेवढी होती. या प्रक्रियेच्या २५ फेऱ्या होत आणि सॉल्ट १२ बिटांचे, म्हणजे ४,०९६ प्रकारांचे असे.

त्या काळी हे भक्कम होते. तेव्हाच्या संगणकाला सेकंदाला चार पासवर्डही हॅश करता येत नसत. पुढची कथा मात्र एका पासवर्डवरून स्पष्ट दिसते. बीएसडी युनिक्सच्या जुन्या संग्रहात १९८० च्या सुमाराची एक पासवर्ड फाइल राहून गेली होती आणि तीत युनिक्सच्या निर्मात्यांचे हॅश होते. पुष्कळसे लवकर सुटले. डेनिस रिची यांचा पासवर्ड अवघा चार अक्षरांचा निघाला. केन थॉम्पसन यांचा मात्र टिकून राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तोही सुटला: पी, तिरपी रेघ, क्यू, २, आडवी रेघ, क्यू, ४ आणि उद्गारचिन्ह. ही बुद्धिबळातली वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची चाल आहे, जुन्या पद्धतीने लिहिलेली. बरोबर आठ चिन्हे, म्हणजे मिळालेली जागा पुरेपूर वापरलेली. घरगुती संगणकासाठी बाजारात मिळणाऱ्या एका ग्राफिक्स कार्डाने, सेकंदाला सुमारे ९३ कोटी प्रयत्न करत, चार दिवसांहून थोड्या अधिक वेळात तो शोधून काढला.

याच वेगाने हिशेब केला तर कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांपासून होणारे आठ चिन्हांचे सगळेच्या सगळे पासवर्ड त्या एका कार्डावर ८३ दिवसांच्या आत तपासून होतात. देवनागरी पासवर्डची दशा याहून वाईट आहे. पहिली दोन पूर्ण चिन्हे आणि तिसऱ्याचा एक बिट एवढेच उरते, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. त्यांना एक सेकंदही लागत नाही. गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट ही, की भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की संकेतात एका चिन्हाला एकच बाइट लागे. यूटीएफ-८ ने जगातल्या सगळ्या लिप्या एकत्र आणल्या, ते मोठेच काम झाले. पण बाइटांवर आखलेल्या प्रत्येक मर्यादेत देवनागरीच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला.

हे सगळे इतिहासजमा झाले असे मात्र नाही. सोलारिस १० मध्ये आणि एआयएक्सच्या अनेक आवृत्त्यांत, कोणी मुद्दाम बदल केला नाही तर, हीच जुनी क्रिप्ट चालू राहते. बँका, कारखाने, सरकारी कार्यालये यांच्याकडची जुनी यंत्रे या जातीची असू शकतात. तिथे वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवणारा माणूस निर्धास्त असतो आणि यंत्रणा त्याची बारा अक्षरे टाकून देते.

आठनंतरची वाट

पहिली सुधारणा साठवणीत झाली. हॅश असलेली फाइल पूर्वी सगळ्यांना वाचता येत असे. ऐंशीच्या दशकात हॅश वेगळे काढून ‘शॅडो’ फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत आली आणि ती फक्त रूटला वाचता येऊ लागली. लांबीची कोंडी १९९४ मध्ये फ्रीबीएसडीत फुटली. पॉल-हेनिंग काम्प यांनी एमडी५ वर आधारित हजार फेऱ्यांची प्रक्रिया लिहिली आणि आठची मर्यादा गेली. ही पद्धत लिनक्सवरही वर्षानुवर्षे चालली. २०१२ मध्ये स्वतः काम्प यांनीच ती आता सुरक्षित मानू नये असे जाहीर केले. आपल्या हातची गोष्ट कालबाह्य झाली हे कर्त्यानेच उघडपणे सांगावे, याला मोठेपणा लागतो.

१९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी ओपनबीएसडीसाठी बीक्रिप्ट आणली. तिच्यात मेहनतीचा आकडा हॅशमध्येच लिहिलेला असतो आणि तो एकाने वाढवला की काम दुप्पट होते. संगणक वेगवान झाले की आकडा वाढवायचा, प्रक्रिया बदलायची गरज नाही. हा विचार दूरदृष्टीचा होता. पण बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ७२ अक्षरे सहज पुरतात. देवनागरीत मात्र ती २४ चिन्हे होतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणे ही सगळी वेगवेगळी चिन्हे मोजली जातात.

एक वाक्य घेऊन पाहू: ‘कंपूवरून चालत गेलो की महाराज बाड्यावर कचोरी गरम मिळते’. हे पासवर्ड म्हणून ठेवले. ‘कंपूवरून’ची आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. मग मोकळी जागा एक बाइट, ‘चालत’ १२, पुन्हा एक, ‘गेलो’ १२, एक, ‘की’ सहा, एक. एकूण ५८ झाले. ‘महाराज’मधले ‘महार’ मोजून ७० होतात, दुसऱ्या कान्याचे दोन बाइट घेतले की ७२ भरतात आणि कान्याच्या मधोमध कात्री लागते. बाड्यावर कचोरी मिळते की जिलेबी, गरम की थंड, याने काही फरक पडत नाही. अर्धा पासवर्ड केवळ टाइप करण्याची हौस ठरतो.

बीक्रिप्टच्या एका प्रसिद्ध आवृत्तीतली चूक तर थेट आपल्यासारख्यांच्या मुळावर येणारी होती. २०११ मध्ये उघड झाले की आठवा बिट चालू असलेला बाइट आला, तर त्याच्या आधीची एक ते तीन अक्षरे काही वेळा हिशेबातूनच गळत. इंग्रजी अक्षरांत आठवा बिट कधीच चालू नसतो. देवनागरीच्या प्रत्येक बाइटात असतो. चूक दुरुस्त झाली आणि जुन्या-नव्या हॅशच्या खुणा वेगळ्या केल्या गेल्या. पण ती इतकी वर्षे लपून राहिली, कारण बिगर-इंग्रजी पासवर्ड घालून कोणी नीट तपासलेच नव्हते.

२००७ मध्ये उलरिख ड्रेपर यांनी शा-२५६ आणि शा-५१२ वर आधारलेल्या क्रिप्ट पद्धती मांडल्या. त्यांत एरवी ५,००० फेऱ्या होतात आणि त्या हजारापासून जवळजवळ शंभर कोटींपर्यंत बदलता येतात. पासवर्ड कापला जात नाही. लिनक्सवर ही पद्धत दीर्घकाळ राज्य करत होती. तिची उणीव अशी, की ती वेळ खर्च करवते, पण तिला मेमरी फारशी लागत नाही, आणि ग्राफिक्स कार्डाकडे अशी कामे हजारोंनी एकदम करण्याची ताकद असते. म्हणून पुढच्या पद्धतींनी मेमरीवर भर दिला: २००९ ची कॉलिन पर्सिव्हल यांची एसक्रिप्ट, २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेली आर्गॉन२, आणि एसक्रिप्टवरून ‘सोलर डिझायनर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलेक्झांडर पेस्ल्याक यांनी विकसित केलेली येसक्रिप्ट. २०२१ च्या डेबियन ११ पासून आणि उबुंटू २२.०४ पासून येसक्रिप्ट हीच ठरलेली पद्धत आहे. तिच्या नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक प्रयत्नामागे सुमारे १६ मेगाबाइट मेमरी लागते. सी-डॅकने आणलेली बॉस ही भारतीय लिनक्सही डेबियनवरच उभी आहे.

मग मर्यादाच नको का?

मर्यादा काढून टाकावी, हा पहिला विचार मनात येतो. अनुभव वेगळे सांगतो. २०१३ मध्ये जँगो या वेब प्रणालीत दिसले की कोणी एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवला तर तो तपासण्यात सर्व्हरचे जवळपास मिनिट जाते. असे मूठभर पासवर्ड पाठवले की सर्व्हर ठप्प. त्यावर तातडीने ४,०९६ बाइटांची मर्यादा घातली गेली. २०१६ मध्ये ओपनएसएसएचलाही याच कारणाने १,०२४ अक्षरांची सीमा घालावी लागली, कारण शा-क्रिप्टचा वेळ पासवर्डच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. लिनक्सच्या पॅम या ओळख तपासणाऱ्या व्यवस्थेत ही सीमा ५१२ बाइट आहे. म्हणजे देवनागरीची १७० चिन्हे, जी कोणालाही पुरावीत.

वरची मर्यादा हवीच. ती उघड हवी, एवढाच आग्रह आहे. ‘पासवर्ड फार लांब आहे’ असे सांगून नाकारणारी यंत्रणा प्रामाणिक असते. गुपचूप कापणारी यंत्रणा घात करते, आणि हा घात जाणकारांच्याही लक्षात येत नाही. ओक्टा या ओळखव्यवस्थापनातल्या बड्या कंपनीचे २०२४ चे प्रकरण बघा. लॉगिन वेगाने व्हावे म्हणून तिथे वापरकर्त्याचा क्रमांक, नाव आणि पासवर्ड जोडून त्यांचा बीक्रिप्ट हॅश केला जाई. नाव ५२ अक्षरांचे किंवा त्याहून लांब असले की ७२ बाइट आधीच भरत आणि पासवर्डला जागा उरत नसे. काही विशिष्ट परिस्थितीत अशा खात्यात पासवर्ड न तपासताच प्रवेश मिळू शकत होता. ही चूक जुलैअखेरीपासून ३० ऑक्टोबरपर्यंत राहिली. वर्षानुवर्षे दस्तऐवजात नोंदलेली मर्यादा सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली, कारण बीक्रिप्ट कापताना काही बोलत नाही.

सेटिंग कुठे आणि कशी बघायची

पहिले काम शॅडो फाइलमधला दुसरा रकाना वाचण्याचे. डॉलर-वाय-डॉलरने सुरुवात असेल तर येसक्रिप्ट. डॉलरनंतर ६ किंवा ५ असेल तर शा. २ आणि एखादे अक्षर असेल तर बीक्रिप्ट. १ असेल तर एमडी५, ते तातडीने बदलायला हवे. डॉलर मुळीच नसून नुसती तेरा अक्षरे असतील तर ती १९७९ ची क्रिप्ट आहे, आणि त्या खात्याचा आठ बाइटांपुढचा पासवर्ड अस्तित्वातच नाही.

दुसरे, सेटिंग दोन ठिकाणी असते आणि तिथे गोंधळ होतो. ‘लॉगिन-डेफ्स’ फाइलमध्ये पद्धत, शा-क्रिप्टच्या फेऱ्या आणि येसक्रिप्टचा मेहनतीचा आकडा लिहिता येतो. पण डेबियनच्या घराण्यात पासवर्ड बदलण्याची आज्ञा पॅमच्या ‘कॉमन-पासवर्ड’ फाइलचे ऐकते. पहिल्या फाइलमध्ये बदल करून समाधानाने उठलेल्या व्यवस्थापकाचा बदल लागूच झालेला नसतो. किमान लांबीचेही तसेच आहे. ती पॅमच्या ‘पीडब्ल्यू-क्वालिटी’ विभागात ठरवावी. बदल केल्यावर एका चाचणी खात्याचा पासवर्ड बदलून नव्या हॅशची सुरुवात स्वतः डोळ्यांनी बघावी. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीत हेच काम ‘लॉगिन-कॉन्फ’ फाइलमध्ये होते.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. सेटिंग बदलल्याने जुने हॅश बदलत नाहीत. बदलणार तरी कसे, मूळ पासवर्ड यंत्रणेजवळ नाहीच. यंत्रणा कितीही वेळा अद्ययावत केली तरी दहा वर्षांपूर्वी ठेवलेला पासवर्ड दहा वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने साठवलेला राहतो. ‘चेज’ या आज्ञेने जुन्या खात्यांना पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावावे. मात्र त्याआधी बघून घ्यावे, की हीच फाइल एखाद्या जुन्या यंत्राकडेही जाते का. त्याला येसक्रिप्ट समजत नसेल तर लोक बाहेर अडकतील.

मेहनतीचा आकडा किती ठेवावा? आपल्याच यंत्रावर मोजून बघावे. एका लॉगिनला पाव ते अर्धा सेकंद लागला तर माणसाला तो जाणवत नाही, पण अब्जावधी अंदाज करणाऱ्याला तोच भारी पडतो. दर दोन-तीन वर्षांनी, विशेषतः नवे यंत्र आल्यावर, हे मोजमाप पुन्हा करावे.

मराठीत पासवर्ड ठेवावा का?

अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेची २०१७ पासूनची भूमिका स्पष्ट आहे. मोठ्या लिपीतले एक अक्षर, एक आकडा, एक चिन्ह अशा सक्तीची गरज नाही. ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. निदान ६४ चिन्हांचा पासवर्ड स्वीकारावा, तो कापू नये आणि युनिकोडचे एक चिन्ह एकच मोजावे. २०२५ च्या आवृत्तीत, फक्त पासवर्डवर चालणाऱ्या खात्यासाठी किमान लांबी १५ करण्यात आली. यामागचे गणित साधे आहे. यादृच्छिक निवडलेल्या १५ छोट्या इंग्रजी अक्षरांचे पर्याय सर्व चिन्हांच्या आठ अक्षरी पासवर्डांहून सुमारे अडीच लाख पटींनी जास्त होतात. लांबी अवघडपणाला हरवते.

यात देवनागरीला तत्त्वतः पूर्ण जागा आहे. प्रत्यक्षात एक अडथळा उरतो. ‘दऱ्या’ हा शब्द वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या चिन्हांनी तयार होतो. कुठे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह येते, कुठे ‘र’ला नुक्ता जोडला जातो, कुठे न दिसणारे जोडचिन्ह वापरले जाते. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट मात्र वेगळे. नुक्त्याचा फरक युनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटतो, जोडचिन्हाचा मिटत नाही, आणि युनिक्सची क्रिप्ट तर प्रमाणीकरण करतच नाही. घरी मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड कार्यालयातल्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवरून नाकारला जाऊ शकतो. म्हणून आज सर्व्हरच्या खात्यासाठी रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द हाच व्यवहार्य मार्ग आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, मोकळी जागा सोडून. म्हणी, अभंग, गाण्यांच्या ओळी टाळाव्यात, त्या अंदाज करणाऱ्यालाही पाठ असतात.

पण ही तडजोड आहे आणि ती कायमची मानू नये. मराठी माणसाने आपल्या लिपीत पासवर्ड ठेवला तर त्याला इंग्रजी लिहिणाऱ्याइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी यंत्रणा लिहिणाऱ्यांनी चिन्हे मोजावीत, बाइट नव्हेत, आणि देवनागरी घालून तपासावे. यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी शॅडो फाइल उघडून जुने हॅश शोधावेत, सेटिंग योग्य ठिकाणी बदलावे आणि मर्यादा लोकांना लिहून कळवावी. वापरणाऱ्याने लांब पासवर्ड ठेवून आपला वाटा उचलला आहे. तो पुरता मोजला जातो की नाही, याची जबाबदारी सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याची आहे.